वागळे इस्टेटमधली कॉम्प्युटर एएमसी, दीड वर्ष वापरून लिहितेय (५ पैकी ४)

आमच्या आताच्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव इथे टाकत नाही. टाकलं तर दहा जण फोन करतील आणि तो आमच्याकडे यायचा बंद होईल, आणि आधीच्या कॉम्प्युटरवाल्याचं मुद्दामच टाकत नाही, उगाच भांडण नको. पण आपण गाळेवाले एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेताना फक्त रेट विचारतो आणि बाकी काहीच विचारत नाही, ते मला फार महागात पडलंय म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

आमचं युनिट म्हणजे काही मोठी कंपनी नाही. वागळे इस्टेटला आतल्या रोडवर गाळा, वायरकट आणि व्हीएमसीचं (धातू कापायची कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) जॉबवर्क, चौदा माणसं, वर माळ्यावर ऑफिस, ऑफिसात पाच कॉम्प्युटर आणि सहावा खाली वायरकटच्या कंट्रोलरला. सासऱ्यांनी काढलेला कारखाना, आता मशीनं नवरा बघतो आणि मी बिलं, चलनं, बँक, जीएसटी आणि "वहिनी, नेट गेलंय" हे सगळं बघते. त्यामुळे कॉम्प्युटरवाल्यांशी डोकेफोड माझीच.

आधीचा माणूस सात वर्षं होता. वर्षाला एका मशीनचे बाराशे रुपये, बोलावलं की यायचा, चहा घ्यायचा, फॉरमॅट मारायचा, जायचा. कुठलाही आजार असो, औषध एकच. विंडोज त्याच्या पेन ड्राईव्हमधलं, अँटिव्हायरस "मॅडम फुल व्हर्जन टाकलंय, पैसे नको", आणि विंडोजचे अपडेट त्याने स्वतःच बंद करून ठेवलेले, कारण अपडेट झालं की ते क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज चालू ठेवणारी करामत, उडायचं. मला सांगायचा की मशीन स्लो होतं म्हणून बंद केलंय, आणि मला ते पटायचं पण, कारण अपडेट म्हणजे नेमकं ई-वे बिल (माल पाठवताना लागणारं जीएसटीचं बिल) काढायच्या वेळेला स्क्रीनवर गोल गोल फिरणारं काहीतरी एवढाच माझा अनुभव. लॉकडाऊनमध्ये अकाउंटंट काकांना डोंबिवलीहून टॅली (आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर) करता यावी म्हणून त्याने राऊटरमध्ये काहीतरी सेटिंग करून दिलं, काका घरच्या लॅपटॉपवरून सरळ आमच्या टॅलीच्या मशीनमध्ये शिरायचे, पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. लॉकडाऊन संपला, काका लोकलने यायला लागले, आणि ते सेटिंग तसंच राहिलं. चार वर्षं.

२०२४ चा जून. शुक्रवारी आमची सुट्टी असते. शनिवारी सकाळी काकांनी मशीन लावलं आणि हाक मारली, "अहो, टॅलीचं चित्र गेलंय." जाऊन बघते तर सगळे आयकॉन पांढरे, प्रत्येक फाईलच्या नावाला मागे सात-आठ अक्षरांचं शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक नोटपॅडची फाईल, इंग्रजीत, की तुमचा डेटा लॉक केलाय, सोडवायचा तर या पत्त्यावर मेल करा. रॅन्समवेअर. बॅकअप नव्हता असं नाही हां, होता, रीतसर दोन टीबीची हार्ड डिस्क, त्याच मशीनला मागे चोवीस तास लावून ठेवलेली. तिच्यातल्या फाईलींनाही तेच शेपूट.

आधीच्याला फोन केला. "फॉरमॅट मारून देतो," म्हणाला. तिथे माझं डोकंच फिरलं, शेजारच्या गाळ्यातल्या काकांकडून दुसऱ्याचा नंबर घेतला, आणि हा जो रिव्ह्यू आहे तो त्या दुसऱ्याचा.

भर पावसात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आला. आल्या आल्या मशीन बंद न करता आधी नेटवर्कची वायर काढली, सगळ्यांचीच, राऊटरपासून. मग नोटचे फोटो काढले, दोन लॉक झालेल्या फाईली वेगळ्या पेन ड्राईव्हवर घेतल्या आणि स्वतःच्या लॅपटॉपवर नो मोअर रॅन्सम नावाच्या साईटवर टाकून बघितल्या. ही साईट मला तेव्हा कळली, २०१६ मध्ये युरोपोल आणि डच पोलिसांनी सिक्युरिटी कंपन्यांना बरोबर घेऊन काढलेली, जुन्या बऱ्याच रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आमच्या शेपटाची नव्हती. त्याने आशा लावून ठेवली नाही, सरळ म्हणाला, "मॅडम, गेलं असं धरून चाला, आणि पैसे भरू नका, भरून किल्ली मिळेलच असं नाही." मग १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन आणि सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार, दोन्ही शेजारी बसून करून घेतलं. त्या दिवसाचे पैसे विचारले तर म्हणाला नंतर बघू.

टॅली कशी वाचली ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल. मार्चचा बॅकअप सीएच्या मेलमध्ये पडून होता, ऑडिटसाठी पाठवलेला. एप्रिलपासूनचं सगळं काकांनी आणि मी नऊ दिवस बसून परत मारलं. विक्री भरलेल्या जीएसटीआर-१ वरून (विक्रीचं जीएसटी रिटर्न), खरेदी २बी वरून (पोर्टलवर दिसणारी खरेदीची यादी), बाकी बँक स्टेटमेंट, आणि रोखीची व्हाउचरं टेबलावरच्या खिळ्यात टोचलेली होती त्यावरून. काकांची ती खिळ्याची सवय, ज्याच्यावरून मी त्यांना दहा वर्षं बोलत आले, ती अशी कामाला आली.

ड्रॉइंग मात्र गेली. कस्टमरना फोन करून परत मागवायची, आणि त्यातल्या एकाच्या परचेसमधल्या माणसाने शांतपणे विचारलं, "मॅडम, आमची ड्रॉइंग तुमच्याकडून बाहेर तर गेली नाहीत ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. नऊ दिवसांच्या एन्ट्रीपेक्षा हे जास्त लागलं.

असो. आता सर्व्हिसबद्दल.

पहिल्या चार व्हिजिटमध्ये या माणसाने आम्हाला एक रुपयाची वस्तू विकली नाही, नवरा तर म्हणाला हा नक्की काय करतोय. तो दोनशे पानी वही घेऊन नुसता लिहीत होता. कुठलं मशीन, कधी घेतलं, विंडोज कुठलं, शेवटचा अपडेट कधी, कोण बसतं, काय काय टाकलंय. आणि फक्त कॉम्प्युटर नाही, राऊटर, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, हजेरीचं अंगठ्याचं मशीन, वायफायवाला प्रिंटर, सगळं. राऊटरचा पासवर्ड खाली स्टिकरवर छापलेला तोच, डीव्हीआरचा कंपनीतून आला तोच, आणि त्या डीव्हीआरमध्ये मोबाईलवरून बघायची सोय चालू. मला वाटायचं कॅमेरा म्हणजे सिक्युरिटी. तो म्हणाला, "मॅडम, हा पण एक कॉम्प्युटरच आहे, फक्त त्याला कोणी कधी अपडेट करत नाही."

वहीच्या मागच्या बाजूने दुसरी यादी, ती जास्त भारी. कुठल्या खात्याचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो. बसून एकेक काढलं तर कंपनीच्या जीमेलचा रिकव्हरी नंबर सासऱ्यांच्या बंद झालेल्या सिमचा, वेबसाईटचं डोमेन ज्या मुलाने वेबसाईट बनवली त्याच्या नावावर आणि तो आता कॅनडात, आणि जीएसटीचा नंबर २०२१ मध्ये सोडून गेलेल्या जुन्या अकाउंटंटचा! म्हणजे तीन वर्षं तिला ओटीपी जायचा, मी फोन करायचे, ती बिचारी सांगायची. याने ते सगळं बदलून घेतलं आणि मला वाटलं एवढी काय घाई. पुढे १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी लागायला लागला, मोठ्यांना जानेवारी-फेब्रुवारीपासूनच होता, तेव्हा आमच्या लाईनीतल्या दोघांचे टेम्पो गेटवर माल भरून उभे आणि मालक ओटीपी कोणाकडे गेला ते शोधतायत. आमचा टेम्पो गेला. काकांना वेगळा सब-युझर काढून दिलाय, त्यांचा ओटीपी त्यांच्याच फोनवर.

राऊटरमधलं ते चार वर्षांचं सेटिंग पहिल्याच दिवशी बंद केलं. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडा होता, असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात म्हणे, सापडला की पासवर्ड मारून बघत बसायचं. काकांना घरून काम हवंच असेल तर आता व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद खासगी रस्ता, आणि फोनवर येणारा कोड टाकल्याशिवाय आत येता येत नाही. रोजच्या लॉगिनमधून सगळ्यांचे ऍडमिनचे हक्क काढले, माझे पण. डिझाईनवाल्या मुलाला गेम टाकता येईना म्हणून तो आठवडाभर फुगून बसला होता.

आणि एक सांगते जे कोणाच्या डोक्यात येत नाही, सगळ्यात आधी त्याने यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला लावल्या. म्हणे अपडेट चालू असताना लाईट गेली तर विंडोज अर्धवट राहतं, मग तुम्ही अपडेटला शिव्या देणार. बरोबर आहे, आमचे निम्मे "अपडेटने मशीन खराब झालं" हे किस्से त्या मेलेल्या बॅटऱ्यांचे असणार.

विंडोज १० चं म्हणाल तर, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे फुकटचे सिक्युरिटी अपडेट बंद होणार हे त्याने वर्षभर आधी वहीत लाल पेनने लिहून ठेवलं होतं. आमच्या पाचांपैकी तीन मशीनं विंडोज ११ ला चालणारी निघाली, एट्थ जनरेशनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) असलेली, एकात तर टीपीएम होतं पण बायोसमध्ये, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं, ते फक्त चालू केलं. उरलेली दोन म्हातारी. मी विचारलं पैसे भरून अपडेट मिळतात ना, तर म्हणाला मिळतात, पण बिझनेसला पहिल्या वर्षी एका मशीनचे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, त्यापेक्षा ते पैसे नव्या डब्यात घाला. मग लॅमिंग्टन रोडवरून दोन रिफर्बिश्ड घेतली, बिल आणि लायसन्ससकट. नवीनच घ्या म्हणून मागे लागला नाही.

खालच्या वायरकटच्या कंट्रोलरवर मात्र विंडोज एक्सपी आहे. हो, एक्सपी. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याचा सपोर्ट संपला. पण मशीन बनवणाऱ्यांचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही आणि कंट्रोलर बदलायचा तर गाडी येईल एवढे पैसे. दुसरा कोणी असता तर "चालतंय ना, चालू द्या" तरी म्हणाला असता नाहीतर नवीन कंट्रोलरचं कोटेशन तरी. याने त्या एक्सपीची नेटवर्कची वायर काढून अक्षरशः कापून टाकली, म्हणजे कोणी परत लावायलाच नको, आणि प्रोग्रॅम न्यायला एकच पिवळा पेन ड्राईव्ह दिला, तो वरच्या मशीनवर स्कॅन करायचा आणि मगच खाली न्यायचा. ऑपरेटर पहिले काही दिवस कुरकुरला, जिने चढायला लागतात म्हणून. आता तो पेन ड्राईव्ह मशीनच्या हँडलला दोरीने बांधलेला असतो, आणि दुसरा कोणी आणला तर ऑपरेटरच ओरडतो.

नवऱ्याला हे सगळं जरा अतीच वाटत होतं. "आपल्यात काय आहे चोरण्यासारखं?" हा प्रश्न त्याने एका शुक्रवारी चहा घेताना विचारला आणि मग त्या कॉम्प्युटरवाल्या मुलाने जेएनपीटीचं, न्हावा शेवाच्या बंदराचं, सांगितलं. २०१७, २७ जून. मर्स्क ही जगातली केवढी मोठी शिपिंग कंपनी, तिला नॉटपेट्या नावाचा व्हायरस लागला आणि आपल्या इथे खाडीपलीकडे जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं काम अडलं. सुरुवात कुठून, तर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे त्यांच्याकडची टॅलीच म्हणा ना. मर्स्कवर कोणी मुद्दाम नेम धरला नव्हता, युक्रेनवर फेकलेला दगड लागत लागत उरणपर्यंत आला. आणि ज्या भोकांमधून तो पसरला त्यातल्या मोठ्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं, तीन महिने आधी. दहा दिवसांत ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर परत बसवले त्यांनी. त्यांच्या नेटवर्कची कुंडली ज्या सर्व्हरवर होती त्याच्या सगळ्या कॉप्या गेल्या, वाचली एकच, घानामधल्या ऑफिसातली, कारण तिथे तेव्हा नेमकी लाईट गेली होती! नवरा एवढा हसला, म्हणाला मग महावितरणच आपली खरी सिक्युरिटी. पण त्यानंतर त्याने बिलावर सही करताना प्रश्न विचारले नाहीत.

आता तक्रारी, कारण एक स्टार कापलाय तो उगाच नाही.

एक म्हणजे महाग आहे. वर्षाला मशीनमागे तीन हजार दोनशे अधिक जीएसटी, राऊटर, ऑनलाईन बॅकअप, अँटिव्हायरस वेगळे. पहिल्या वर्षी दोन डबे आणि विंडोजची खरी लायसन्सं धरून लाखाच्या थोडंसंच आत गेलं. छोट्या युनिटला हे जड आहे, मी खोटं बोलणार नाही.

दुसरं, ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने शुक्रवारी एकदम पाचही मशीनवर अपडेट मारले आणि शनिवारी बारकोड प्रिंटर बंद. ड्रायव्हरचं काहीतरी. डिस्पॅचला माल तयार, स्टिकर निघेनात, दुपारपर्यंत हातानं लिहून चिकटवले. आणि त्याच्या महिनाभर आधीच ते क्राऊडस्ट्राईक या सिक्युरिटी कंपनीचं झालेलं, १९ जुलैला, एका चुकीच्या अपडेटने जगभरातली ८५ लाख विंडोज मशीनं झोपली आणि विमानतळावर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते फोटो सगळ्यांनी बघितलेले. काका लगेच, "बघा, आधीचा बंद ठेवायचा तेच बरं होतं." मी त्या मुलाला फोनवर बरंच बोलले. त्याने सबबी सांगितल्या नाहीत, चूक मान्य केली, आणि तेव्हापासून पद्धत बदलली: आधी माझ्या एका मशीनवर, आठवडाभर प्रिंटर-टॅली-डिजिटल सही सगळं चालवून बघायचं, मग बाकीच्यांवर. घाईचा सिक्युरिटी अपडेट असेल तर मात्र थांबत नाही, फोन करून सांगतो की आज टाकतोय. पण हे आधीच का नाही केलं, हा माझा प्रश्न अजून आहे.

तिसरं, गणपतीत गावाला जातो आणि सात दिवस फोन लागत नाही. मागच्या वर्षी नेमकं तेव्हा आमचं नेट गेलं. त्याच्याकडची दोन मुलं चांगली आहेत पण विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. शिवाय दर महिन्याला रंगीत रिपोर्ट पाठवतो, लाल हिरवे गोल, सगळं इंग्रजीत, काका तो प्रिंट काढून मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब करतात.

आणि पासवर्डचं ते तिजोरीवालं सॉफ्टवेअर, त्याला आमच्याकडे दोन महिने लागले. काकांची हिरवी डायरी काही सुटेना. शेवटी तडजोड झाली, डायरी राहिली पण ती लोखंडी कपाटात चेकबुकाबरोबर, आणि बँकेचे पासवर्ड तिच्यात लिहायचे नाहीत.

एवढं असून चार स्टार का, तर एका गोष्टीसाठी. तीन महिन्यांतून एका शुक्रवारी तो सकाळी येतो, गाळा बंद, खाली मशीनं गप्प, मी, तो आणि काका. (काकांना सुट्टीच्या दिवशी यायचं अगदी जिवावर येतं, पण येतात, कारण येताना तो त्यांच्यासाठी वडापाव आणतो.) बॅकअप आता तीन ठिकाणी आहे, मशीनवर, ऑनलाईन, आणि दोन हार्ड डिस्क ज्या आलटून पालटून लावतो, एक लावलेली असते तेव्हा दुसरी माझ्या घरी कपाटात. तो ती घरची डिस्क मागतो, आपल्या लॅपटॉपला लावतो, त्यावर टॅली उघडतो आणि काकांना म्हणतो, "काका, कुठलंही एक बिल सांगा." काका मुद्दाम आडवळणाचं सांगतात, फेब्रुवारीतली क्रेडिट नोट, नाहीतर एखादं परत आलेलं जॉबवर्कचं चलन. तो शोधून लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवतो. काका चष्मा वर करून रक्कम स्वतःच्या कागदाशी ताडून बघतात, मान हलवतात, मग एक ड्रॉइंग उघडून बघायची, आणि वहीत तारीख टाकून दोघं सह्या करतात. वीस मिनिटांचं काम. आधीच्या सात वर्षांत त्या हार्ड डिस्कमध्ये नक्की काय जातंय हे आम्ही एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

मागच्या डिसेंबरमध्ये एकदा घरच्या डिस्कवरून टॅली उघडलीच नाही. डिस्कच गेली होती, आवाज यायला लागलेला. काकांचा चेहरा पांढरा. तो म्हणाला, "बरं झालं, आजच कळलं," आणि ऑनलाईनवरून उतरवून दाखवली, त्याला दीड तास लागला, वडापाव गार झाले. नवीन डिस्क संध्याकाळी आली.

या वर्षी रिन्यू केलंय, दोनशे रुपये मशीनमागे वाढवलेत त्याने, मी घासाघीस केली, शंभरावर आलं. नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, त्याला विचारून देईन. शुक्रवारी सकाळी मात्र लावू नका, उचलत नाही, काकांचं बिल शोधत असतो.